ऑफिसात रोज "माझंच काहीतरी चुकतंय" असं वाटतं का? गॅसलायटिंग आणि बुलिंगबद्दल बोलूया

उत्तरायण

साहेब सगळ्यांसमोर ओरडला, फाइल आपटली, तर निदान आपल्याला आणि बघणाऱ्यांना कळतं तरी की काहीतरी चुकीचं घडलं. मला ज्याबद्दल लिहायचंय त्या गॅसलायटिंगमध्ये, म्हणजे समोरच्याला स्वतःच्याच आठवणीवर शंका यायला लावण्यात, आवाज चढतच नाही. तोंडी सांगतात हा रिपोर्ट जुन्या फॉरमॅटमध्ये कर, तुम्ही तसा करता, आणि मग भर मीटिंगमध्ये शांतपणे विचारतात, "जुना फॉरमॅट का वापरलास? मी नवीन सांगितला होता ना." तुम्ही म्हणता, नाही, तुम्हीच जुना म्हणालात. मग एक सुस्कारा, बाकीच्यांकडे एक नजर आणि "हल्ली तुझं लक्ष नसतं गं, बरं वाटतंय ना?" झालं. आता रिपोर्टचा विषयच संपला, विषय तुमच्या डोक्याचा सुरू झाला.

असं एकदा होतं तेव्हा आपण सोडून देतो. पण मीटिंगचं इन्व्हाइटच येत नाही आणि नंतर "तू आली का नाहीस" असं विचारलं जातं, तुम्ही केलेलं प्रेझेंटेशन दुसऱ्याच्या नावाने पुढे जातं आणि विचारलं की "टीमचं काम आहे, तुझं-माझं काय करतेस", केबिनमध्ये कौतुक आणि चारचौघांत टोमणे, असं महिनोन्महिने चाललं की माणूस स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवणं सोडतो. एक मेल पाठवायच्या आधी दहा वेळा वाचतो. साध्या प्रश्नाला उत्तर देताना चाचरतो. आणि मग खरंच चुका व्हायला लागतात, ज्या पुन्हा पुरावा म्हणून दाखवल्या जातात! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, मार दिसत नाही आणि ओरडताही येत नाही.

हे ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर नेमकं करायचं काय, यावर अनुभव असलेल्यांनी लिहा. कंपन्यांची आणि माणसांची नावं कृपया नकोत.

निळीशाई

अगदी अगदी. त्या "तोंड दाबून बुक्क्यांचा मार"साठी तर +१००. माझ्या बाबतीत बॉस नव्हता, बरोबरीची सहकारी होती, म्हणून मला कितीतरी दिवस हे बुलिंग आहे असं वाटलंच नाही कारण माझ्या डोक्यात बुलिंग म्हणजे वरचा खालच्याला छळतो एवढंच होतं. ती क्लायंटकडून आलेली माहिती माझ्यापर्यंत पोचूच द्यायची नाही आणि मी विचारलं की म्हणायची "सांगितलं की तुला परवा, तू मान पण हलवलीस". मान पण हलवलीस! एवढा बारीक तपशील जोडून कोणी सांगितलं की आपणच विचारात पडतो की हलवली असेल का.

रोखठोक

विषय महत्त्वाचा आहे पण एक शंका मांडतो, राग मानू नका. आजकाल कोणी चुका दाखवल्या की लगेच टॉक्सिक, कोणी डेडलाइन मागितली की बुलिंग असं बोललं जातं. माझे एक वरिष्ठ अत्यंत कडक होते, ड्राफ्ट लाल करून परत पाठवायचे, पण मी जे काही शिकलो ते त्यांच्याकडेच. आणि माणसं खरोखर विसरतातही. दिवसाला दहा मीटिंगा असलेला माणूस आपण काय बोललो ते विसरू शकतो, त्याला लगेच गॅसलायटिंग म्हणणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं झालं. तर फरक कसा करायचा?

पडद्यामागे

रोखठोक, प्रश्न बरोबर आहे आणि रागवण्यासारखं त्यात काही नाही. मी एचआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या मनुष्यबळ विभागात, बरीच वर्षं आहे म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे कडक माणूस कामाबद्दल बोलतो. "तिसऱ्या पानावरचा आकडा चुकलाय, तो संध्याकाळपर्यंत दुरुस्त कर." हे झोंबेल, पण ते ऐकून बाहेर पडलेल्या माणसाला आता काय करायचं ते माहीत असतं. छळणारा माणूस तुमच्याबद्दल बोलतो. "तुला कितीही सांगितलं तरी कळत नाही." यातून दुरुस्त काय करायचं? काहीच नाही. आणि कडक माणूस बहुधा सगळ्यांशी कडक असतो, इथे एकालाच टिपलेलं असतं.

दुसरं, विसरण्याबद्दल. याला माझ्याकडे एकच कसोटी आहे आणि ती सहसा फसत नाही: पुरावा समोर ठेवल्यावर काय होतं ते बघा. जो खरंच विसरला होता त्याला तुम्ही जुना मेल दाखवलात तर तो म्हणतो "अरे हो की, मीच म्हणालो होतो, सॉरी" आणि विषय संपतो. दुसऱ्या जातीचा माणूस मेल दाखवल्यावर मेलबद्दल बोलतच नाही. तो म्हणतो "म्हणजे तू माझे मेल साठवून ठेवतेस? इतका अविश्वास?" किंवा "तुला टोनच कळत नाही" किंवा "अशा वागण्याने टीम कशी चालणार". दोन-तीन वेळा हे झालं की उत्तर मिळालं समजा.

तळटीप

पडद्यामागे यांनी शेवटी जे वर्णन केलंय त्यावर अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड यांनी १९९७ मध्ये लिहिलंय, त्याला डार्व्हो म्हणतात. आधी नाकारायचं, मग विचारणाऱ्यावरच हल्ला करायचा, आणि शेवटी आपणच पीडित आणि समोरचाच छळणारा असं चित्र उभं करायचं. आपल्याकडे उलट्या बोंबा म्हणतात तेच, फक्त क्रमवार मांडलेलं. क्रम माहीत असण्याचा फायदा हा की तिसरी पायरी आली की गोंधळायला होत नाही. अचानक तेच रडवेले होतात, "मला किती त्रास होतोय तुझ्यामुळे" म्हणतात आणि आपण सांत्वन करायला लागतो, तो क्षण ओळखता येतो.

आणि कडक बॉस की बुलिंग याबद्दल थोडं. हाइन्झ लेमन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात त्यांनी कामाच्या ठिकाणच्या छळावर पद्धतशीर अभ्यास केला. त्यांनी अशा वागण्याचे ४५ प्रकार नोंदवले आणि मोजमापासाठी निकष ठेवला की निदान आठवड्यातून एकदा आणि निदान सहा महिने हे चालू असलं पाहिजे. म्हणजे एखाद्या दिवशीचा राग त्यात येत नाही, सातत्य बघायचं. नंतर नॉर्वेतल्या स्टोले आयनारसेन आणि सहकाऱ्यांनी २२ प्रश्नांची प्रश्नावली वापरात आणली. त्यात मारहाणीच्या धमक्या वगैरे आहेतच, पण कामाला लागणारी माहिती अडवून ठेवणं, कुवतीपेक्षा खालचं काम देणं, अशक्य डेडलाइन देणं, नको इतकी पाळत ठेवणं, अफवा पसरवणं, हक्काची रजा मागू नये म्हणून दबाव टाकणं हेही आहे. निळीशाई यांची सहकारी जे करत होती ते त्यात बसतं, पद काहीही असो.

अर्थात सहा महिने हा अभ्यासाचा निकष आहे, त्रास होत असेल तर सहा महिने वाट बघत बसा असा त्याचा अर्थ अजिबात नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये १९० क्रमांकाचा करार संमत केला, तो जून २०२१ पासून अमलात आहे. त्यात एकदाच घडलेलं असो वा वारंवार, मानसिक इजा करणारं वागणं छळात धरलंय, आणि ऑफिसच्या भिंतींपुरतं नाही, कामानिमित्तचा प्रवास, फोन, मेसेज सगळं. इंटर्न आणि नोकरीसाठी अर्ज केलेले लोकही त्यात येतात. ज्या देशांनी तो मंजूर केलाय त्यांनाच तो बंधनकारक असतो, पण आपल्याला जे होतंय ते छळ आहे की नाही याचं माप म्हणून वाचायला हरकत नाही.

रोखठोक

पुराव्याची कसोटी पटली. माझे ते वरिष्ठ स्वतःची चूक निघाली की सगळ्यांसमोर मान्य करायचे, आता लक्षात येतंय की फरक तिथेच होता. धन्यवाद.

अबोल

मी इथे फक्त वाचत असते, लिहिण्यासाठी आज आयडी घेतला. वरचं सगळं वाचून हात थरथरतायत कारण हे सगळं माझ्याच बाबतीत चालू आहे आणि मी गेले कित्येक महिने समजत होते की मला काहीतरी आजार झालाय, विसरण्याचा. नवरा म्हणतो सोडून दे नोकरी पण कर्ज आहे आणि मुलं शाळेत आहेत, लगेच नाही सोडता येणार. बॉस सगळं फोनवर सांगतात, लेखी काहीच नाही. मेल केला तर उत्तर देत नाहीत आणि नंतर म्हणतात असा मेल आलाच नाही किंवा एवढ्याशा गोष्टीला मेल कशाला. मागच्या आठवड्यात सगळ्यांसमोर म्हणाले "हिला एकदा सांगून चालत नाही हे आता सगळ्यांना माहितेय" आणि सगळे हसले. मी पण हसले. काय करू ते सांगा, फार लांबलचक लिहिलं असेल तर माफ करा.

उत्तरायण

अगं माफी कसली! बरं झालं लिहिलंस. आधी हे ऐक, तू हसलीस त्याचा अपराध मानू नकोस, सगळे हसत असताना अंगावर आलं की माणूस हसतोच, ते स्वतःला वाचवणं असतं.

निळीशाई

अबोल, तू अजिबात एकटी नाहीयेस. तुझ्या जागी मी असते तर आज रात्रीच एक वही काढली असती. मला या एकाच गोष्टीने उभं केलं. तारीख, वेळ, कोण कोण होतं, नेमके शब्द जसेच्या तसे, आणि त्यामुळे कामावर काय परिणाम झाला. "आज पुन्हा अपमान केला" असं लिहायचं नाही, त्याचा पुढे उपयोग होत नाही. "सकाळी साडेदहाची टीम मीटिंग, अमुक अमुक हजर, हे वाक्य म्हणाले" असं लिहायचं. त्याच दिवशी लिहायचं, दुसऱ्या दिवशीवर टाकायचं नाही. आणि ही वही घरी, ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही, ऑफिसच्या मेलवर तर नाहीच, तिथे ती कधीही हातातून जाऊ शकते.

वही लिहायला लागल्यावर एक गोष्ट अशी झाली की जिची मी अपेक्षाच केली नव्हती. पुढच्या वेळी ती म्हणाली "सांगितलं होतं तुला" तेव्हा मी घरी जाऊन पान उघडलं आणि तिथे माझ्याच अक्षरात होतं की नाही सांगितलं. पुरावा म्हणून ती वही मी कोणाला दाखवली पण नाही शेवटपर्यंत. पण माझं डोकं ठिकाणावर आहे हे मला कळलं ना.

तळटीप

त्याच दिवशी लिहिण्याला शास्त्रीय कारणही आहे. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांचे १९७४ चे प्रयोग प्रसिद्ध आहेत. लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि वेग किती होता विचारलं. प्रश्नात "एकमेकींवर आदळल्या" असा जोरदार शब्द वापरला तर लोकांनी सांगितलेला वेग वाढायचा, साधा शब्द वापरला तर कमी. म्हणजे नुसत्या प्रश्नातल्या शब्दाने चांगल्या धडधाकट माणसांची आठवण हलते. मग रोज अधिकाराच्या जागेवरून कोणी ठामपणे वेगळंच सांगत असेल तर आठवण डळमळणारच, तो तुमच्या मेंदूतला दोष नाही.

पडद्यामागे

अबोल, लेखी न देणाऱ्या बॉसवर उपाय सांगते. त्यांनी लिहायची वाट बघायची नाही, आपण लिहायचं. फोन ठेवला की पाच मिनिटांत मेल, अगदी गोड भाषेत: "आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे मी अमुक काम तमुक पद्धतीने गुरुवारपर्यंत करतेय. माझ्या समजण्यात काही वेगळं असेल तर आज कळवा म्हणजे तशी सुरुवात करते." यात तक्रार नाही, आरोप नाही. उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तरी तारीख आणि वेळेसकट तुमची बाजू लेखी झाली. "मेल आलाच नाही" म्हणतात ना, मग कामाशी खरंच संबंध असलेल्या आणखी एकाला सीसीत ठेवायचं. "एवढ्याशाला मेल कशाला" म्हणाले की एकच उत्तर, "मला लिहून ठेवायची सवय आहे, काम चुकत नाही त्याने." यावर कोणाला काय आक्षेप घेता येणार?

दोन सावधगिऱ्या मात्र हव्यातच. कंपनीची गोपनीय कागदपत्रं, क्लायंटचा डेटा स्वतःच्या खाजगी मेलवर पाठवू नका. छळाची तक्रार राहते बाजूला आणि तुमच्यावरच नियमभंगाची कारवाई होते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि फोन रेकॉर्ड करायच्या आधी तुमच्याकडचा कायदा आणि कंपनीचं धोरण काय म्हणतं ते तपासा. देशोदेशी नियम वेगळे आहेत, कुठे एकाची संमती पुरते, कुठे सगळ्यांची लागते.

भरती-ओहोटी

मी थोडं विरुद्ध मत मांडतो. वह्या, मेल, सीसी हे सगळं ठीक आहे पण एचआर कोणाची असते? कंपनीची. मी सगळं रीतसर केलं, तक्रार दिली, चौकशी झाली, "गैरसमज झाला होता" असा निष्कर्ष निघाला आणि पुढच्या अप्रेझलला माझं रेटिंग घसरलं. एकदा कानफाट्या नाव पडलं ते पडलं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की शांतपणे दुसरी नोकरी शोधा आणि निघा. तिथे न्याय मिळवण्यात आयुष्याची वर्षं घालवू नका. तब्येत गेली की कुठलीही नोकरी ती परत देत नाही.

पडद्यामागे

भरती-ओहोटी, तुमच्याबाबतीत जे झालं ते अन्यायाचं झालं आणि एचआरबद्दलचं तुमचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. एचआर संस्थेचं हित आधी बघते, हे खरं आहे. पण म्हणूनच तक्रार कशी लिहायची ते महत्त्वाचं ठरतं. माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक तक्रारींत "ते माझं गॅसलायटिंग करतात, ते नार्सिसिस्ट आहेत, मला मानसिक त्रास होतोय" असं असतं. यातलं एकही वाक्य मला तपासता येत नाही आणि समोरचा अर्ध्या मिनिटात झटकून टाकतो. तेच जर असं आलं की "या चार तारखांना मला तोंडी एक आणि मीटिंगमध्ये दुसरं सांगितलं गेलं, माझे त्याच दिवशीचे मेल सोबत आहेत, यामुळे अमुक काम दोनदा करावं लागलं आणि क्लायंटची डिलिव्हरी लांबली, अमुक आणि तमुक हजर होते", तर ते मला फाइलला लावून बाजूला ठेवता येत नाही. आता नुकसान कंपनीचंही दिसतंय. एक पान पुरे. शेवटी मागणी स्पष्ट: सूचना लेखी मिळाव्यात, किंवा रिपोर्टिंग बदलावं, किंवा पुढच्या अप्रेझलमध्ये दुसराही वरिष्ठ असावा. "न्याय द्या" एवढंच लिहिलं तर कोणालाच काही द्यावं लागत नाही.

तक्रारीनंतर वागणूक बिघडली, रेटिंग घसरलं, कामं काढून घेतली, तर तेही त्याच वहीत आणि वेगळ्या मेलने कळवायचं. तक्रार केली म्हणून सूड उगवणं हा पुष्कळ ठिकाणच्या धोरणांत स्वतंत्र गुन्हा धरतात, लोक तो मुद्दा मांडतच नाहीत.

तळटीप

भरती-ओहोटी म्हणतायत ते कधीकधी एका माणसापुरतं नसतं, तीच वरून आलेली पद्धत असते. फ्रान्स टेलिकॉम या फ्रेंच दूरसंचार कंपनीचं प्रकरण वाचा. २००६ च्या सुमाराला सुमारे १,२०,००० कर्मचाऱ्यांपैकी २२,००० लोक तीन वर्षांत कमी करायचे ठरलं, पण त्यातल्या बहुतेकांना सरकारी नोकरीचं संरक्षण होतं, काढता येत नव्हतं. मग लोकांनी आपणहून जावं म्हणून सतत बदल्या, कौशल्याशी संबंध नसलेली कामं, एकटं पाडणं असे प्रकार झाले. खटल्यात ३९ जणांच्या कहाण्या तपासल्या गेल्या, त्यातल्या १९ जणांनी आत्महत्या केली होती आणि १२ जणांनी प्रयत्न केला होता. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला आणि तिच्या माजी प्रमुखांना संस्थात्मक छळासाठी दोषी ठरवलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांची दोषसिद्धी कायम केली. म्हणजे "तुझ्या बॉसशी तुझं पटत नाही, एवढंच" हे दरवेळी खरं नसतं.

ऐकणारी

मी समुपदेशनाचं काम करते. वरचं वाचून मन जड झालं, म्हणून थोडं तब्येतीबद्दल. सुट्टी संपत आली की पोटात गोळा, फोनची रिंग वाजली की छातीत धस्स, रात्री तीनला जाग येऊन तीच मीटिंग डोक्यात पुन्हा पुन्हा, घरच्यांवर विनाकारण चिडचिड. यातलं बरंच काही आठवड्यांमागून आठवडे चालू असेल तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा, आणि तिथे कामावर काय चाललंय तेही सांगा. लोक नुसती झोपेची गोळी मागतात आणि कारण सांगतच नाहीत. डॉक्टरांच्या नोंदीत कारण आलं तर उपचार नीट होतात आणि पुढे कधी गरज पडली तर ती नोंदही कामी येते. आणि जीव नकोसा झालाय, संपवून टाकावं असे विचार येत असतील तर नोकरी, तक्रार, कर्ज सगळं बाजूला, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि हेल्पलाइनला किंवा हॉस्पिटलला गाठा. हे मी अगदी हात जोडून सांगतेय.

अबोल, तू म्हणालीस विसरण्याचा आजार. ताण आणि झोप दोन्ही बिघडली की लक्ष लागत नाही आणि लक्ष नसलं की गोष्टी नोंदल्याच जात नाहीत. एकदा डॉक्टरांना दाखवून घे, मनातली भीती जाईल. घरी आणि मैत्रिणींत तू विसरतेस का? की फक्त त्या एकाच माणसासमोर?

अबोल

फक्त ऑफिसात. आणि ऑफिसातही फक्त त्यांच्यासमोर. हे मी कधी असं बघितलंच नव्हतं ताई.

कोरा कागद

एवढी चर्चा झाली पण बघ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. अबोलच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात जास्त काय टोचलं असेल तर "सगळे हसले". मी स्वतः टीम सांभाळतो आणि मला ठाम वाटतं की हे प्रकार त्या सगळ्यांच्या जोरावर चालतात. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग आहेत, तळटीप यांना माहीत असतीलच. रेषांची लांबी ओळखायची, साधं काम, पण खोलीतले बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. ज्याच्यावर प्रयोग चाललाय तो साधारण एक तृतीयांश वेळा डोळ्यांना दिसत असलेलं सोडून त्यांच्यासारखंच चुकीचं उत्तर द्यायचा. पण त्या खोलीत फक्त एक माणूस बरोबर उत्तर देणारा ठेवला की हे प्रमाण एकदम खाली यायचं. फक्त एक!

तर तो एक माणूस व्हायला फार धैर्य लागतं असंही नाही. मीटिंगमध्ये उभं राहून भाषण नको. "तिचं बोलणं पूर्ण होऊ दे ना", "हा भाग तिने केलाय, तीच सांगेल", "सोमवारी जुनाच फॉरमॅट ठरला होता, मीही होतो". एवढंच, सपाट आवाजात. तेही जमत नसेल तर मीटिंगनंतर एक मेसेज, "जे झालं ते बरोबर नव्हतं, मी ऐकलंय." ज्याला तो मेसेज जातो त्याच्यासाठी ती साक्ष असते. आणि मॅनेजर असलेल्यांनी एक करावं, सगळ्या तोंडी सूचना मीटिंगनंतर तीन ओळींत ग्रुपवर टाकायचा नियमच करावा, सगळ्यांसाठी. मग लेखी मागणारा माणूस वेगळा पडत नाही. आमच्याकडे हे सुरू केल्यापासून "मी असं म्हणालोच नव्हतो" हा वादच जवळपास संपला.

निळीशाई

हे फार पटलं. माझ्यासाठी तसा एक जण उभा राहिला होता, शेजारच्या टीममधला, फक्त म्हणाला "मला तर ती माहिती तिच्याकडे पाठवलेली दिसत नाहीये". त्या दिवसानंतर माझी ती सहकारी माझ्याशी बोलताना जपून बोलायला लागली.

भरती-ओहोटी

मान्य. माझ्या ऑफिसात असा एकही नव्हता, म्हणून कदाचित मी इतका कडवट लिहितो. तरी अबोलसाठी माझी सूचना राहू दे: वही, मेल सगळं कर, पण त्याच जोडीला बायोडेटा पण अपडेट करायला घे. अर्ज करायला लागलं की आपण अडकलोय ही भावना कमी होते, ऑफर यायच्या आधीच. आणि रागाच्या भरात राजीनामा देऊ नकोस, त्यांना तेच हवं असेल. नवीन ठिकाणचं ऑफर लेटर हातात, जॉइनिंगची तारीख लेखी, मगच. इंटरव्ह्यूत विचारतील का सोडताय, तर बॉसबद्दल एक अक्षर नको, "जास्त जबाबदारीचं काम हवंय" पुरे.

रोखठोक

एक प्रश्न. त्या क्षणी, चारचौघांत टोमणा आला की तोंडावर काय बोलायचं? घरी आल्यावर शंभर उत्तरं सुचतात.

पडद्यामागे

छोटं आणि कामाचं. वाद घालायचा नाही की कोण काय म्हणालं होतं, त्या मैदानात ते तरबेज असतात. "माझ्या नोंदीत वेगळं आहे, मीटिंग झाली की मेल करते." किंवा "यात नेमकं काय बदलायचंय ते सांगा, लिहून घेते." आणि पेन हातात घ्यायचं, खरंच घ्यायचं. "तू फार सेन्सिटिव्ह आहेस" आलं तर "असेन, पण फॉरमॅट कुठला ठरवायचा?" कामावर परत आणायचं. एकट्यात बोलायला गेलात तर त्यांच्या स्वभावाबद्दल बोलू नका, "तुम्ही मला कमी लेखता" म्हणालात की ते नाकारतील. "काल मीटिंगमध्ये हे वाक्य म्हणालात, यापुढे माझ्या चुका मला वेगळ्या बोलावून सांगा" हे सांगा. एकदाच. त्यानंतर फरक पडला नाही तर तोंडी पायरी संपली.

आणि अचानक परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन (ठरावीक मुदतीत काम सुधारण्याची लेखी योजना) पुढे सरकवला तर घाबरून तिथल्या तिथे सही नको. वाचायला एक दिवस मागा. सही करावीच लागली तर शेजारी लिहा "मिळाल्याची पोच, मजकुराशी सहमती नाही". प्रत्येक मुद्द्याचं माप काय, कोण मोजणार, कुठल्या तारखेला, हे लेखी विचारा.

अबोल

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. वही सुरू केलीये. आज फोननंतर मेल पाठवला, पडद्यामागे ताईंचं वाक्य जवळजवळ तसंच, हात थरथरत होते पण पाठवला. उत्तर आलं नाही. पण संध्याकाळी एचआरकडून इन्व्हाइट आलंय, बॉस आणि एचआर आणि मी, विषय फक्त "चर्चा". एकटीनेच जायचं का? आधी काही विचारू शकते का? मला वाटतंय मेलमुळेच झालं हे.

पडद्यामागे

असेलही, आणि तसं असेल तर मेल लागू पडलाय. घाबरू नकोस. इन्व्हाइटला उत्तर दे: "चर्चेचा विषय आणि काही कागदपत्रं असतील तर आधी मिळावीत म्हणजे तयारी करून येते." दुसरी ओळ, "त्याआधी मला एचआरशी स्वतंत्र पंधरा मिनिटं बोलायचंय." तिघांत पहिल्यांदाच सगळं बोलायला जाऊ नकोस. धोरणात सहकारी किंवा युनियनचा माणूस सोबत नेता येत असेल तर तोही उल्लेख कर. मीटिंगमध्ये तू जास्त ऐक आणि लिही, काहीही विचारलं आणि लगेच सुचलं नाही तर "विचार करून लेखी कळवते" म्हण. बाहेर आलीस की तासाभरात काय ठरलं त्याचा मेल तिघांना.

निळीशाई

आणि कुठल्याही कागदावर तिथे सही नको.

अबोल

दोन्ही ओळी पाठवल्या. आत्ताच उत्तर आलं, उद्या अकराला एचआर एकट्या भेटणारेत. वहीतल्या चार तारखा आणि त्या दिवशी कोण कोण होतं ते आज रात्री एका पानावर काढून ठेवते. उद्या काय झालं ते इथेच लिहीन.